मदत हवी आहे: ‘रेड ६०’ म्हणजे नक्की कुठे?

बडोद्याची_लेक: परवा परीक्षा आहे आणि एका गणितापाशी अडकलेय. दुसऱ्या जहाजाचा दिवा ‘रेड ६०’ला दिसतोय, खरं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन, काढा. मी ०६० लिहिलं, सरांनी फुली मारली. त्याचा दिवा लाल आहे, मग चुकलं कुठे? कुणीतरी लवकर सांगा!

निवृत्त_नाविक: बाळा, तुझ्या जहाजाचं हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, किती? त्याशिवाय उत्तर निघणारच नाही.

सयाजीगंजकर: हेडिंग कशाला? विमानात सरळ घड्याळ सांगतात. नाक म्हणजे १२, एक तास म्हणजे ३० अंश. डावीकडे ६० म्हणजे १० वाजता. संपलं.

निवृत्त_नाविक: अहो, ते नाकापासून मोजलेलं. तिला उत्तरेपासून हवंय.

रडारवाला: घड्याळही दिसतं तितकं सरळ नाही. रडारवरून आम्हाला विमानाचा मार्ग दिसतो, नाक नाही. डावीकडून जोराचा वारा असला की नाक डावीकडे वळलेलं असतं. मग आम्ही १० म्हटलेलं विमान पायलटला ११कडे दिसतं.

सयाजीगंजकर: एवढं तिला विचारलंय का परीक्षेत?

बडोद्याची_लेक: हेडिंग ३४५ दिलंय. मला वाटलं त्याचा संबंध नाही.

निवृत्त_नाविक: सगळा संबंध त्याचाच! ३४५ वजा ६०, २८५. ग्रीन ६०, म्हणजे उजवीकडे ६०, असतं तर बेरीज ४०५, त्यातून ३६० गेले, ०४५. आणि इथला ‘रेड’ त्याच्या दिव्याचा रंग नव्हे. तो तुझ्या जहाजाची डावी बाजू, पोर्ट. तू मागे तोंड करून उभी राहिलीस तरी पोर्ट तीच.

इतिहासवेडा: डावीला आधी लारबोर्ड म्हणत. स्टारबोर्डशी, म्हणजे उजवीच्या नावाशी, ऐकताना गल्लत व्हायची, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली पोर्ट हा शब्द लावला. स्टारबोर्ड मूळचं सुकाणूच्या बाजूचं नाव, पूर्वी सुकाणूचं वल्हं उजवीकडे असे.

दांडियाबाजार_काकू: मर्चंट नेव्हीत जायचं असेल तर डोळे आधी तपासून घे गं. लाल-हिरवा ओळखता आलाच पाहिजे.

बडोद्याची_लेक: काकू, डोळे ठीक आहेत. काका, पण त्याचा लाल दिवा माझ्या उजवीकडे, पुढच्या अंगाला दिसला तर?

निवृत्त_नाविक: लाल दिवा जहाजाच्या डाव्या बाजूला असतो, म्हणजे तुला त्याची डावी बाजू दिसतेय. तर तो तुझ्यासमोरून उजवीकडून डावीकडे चाललाय. दोघंही इंजिनावर असाल आणि टक्कर संभवत असेल तर वाट तू द्यायचीस. आता हे कर: हेडिंग २८०, ग्रीन ११०.

बडोद्याची_लेक: ०३०?

निवृत्त_नाविक: बरोबर.