मदत हवी आहे: स्लो कुकरमधलं बीफ नूडल सूप पाणचट होतंय

नमस्कार मंडळी,

तैवानी पद्धतीचं लाल रश्श्याचं बीफ नूडल सूप स्लो कुकरमध्ये करायचंय. चीनमधल्या लान्चौ शहराचं नितळ, मुळ्याच्या चकत्या घातलेलं असतं ते नव्हे. सकाळी साडेसातला घर सोडते ते संध्याकाळी सहालाच परत, त्यामुळे गॅसवर रटरटत ठेवणं शक्य नाही.

सव्वा किलो नडगीचं मांस, सोया सॉस, शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), डोबानजियांग (बाकल्याची आंबवलेली तिखट पेस्ट), टोमॅटो, आलं, कांद्याची पात, खडीसाखर, चक्रीफूल, सिचुआन मिरी. सगळं कच्चंच टाकून 'लो'वर आठ तास. मांस सुरेख शिजतं, पण रस्सा फिका, वाइनचा उग्र दर्प आणि वर चक्रीफूल डोक्यात जातं. पेस्ट परतायलाच हवी का? जास्तीचं भांडं घासायचा कंटाळा, दुसरं काही नाही. नूडल्स शेवटी त्यातच शिजवल्या तर चालेल?

(बीफ खावं की नाही यावर इथे काथ्याकूट नको, प्लीज.)

प्रतिसाद १:
परतायलाच हवी हो! तिखटाचा रंग आणि वास तेलात उतरतो, नुसत्या पाण्यात नाही. बिनफोडणीची आमटी खाल का? मंद आचेवर तेल लाल होईपर्यंत पेस्ट परता, मग आलं, टोमॅटो, शेवटी वाइन ओतून चांगली उकळू द्या. झाकणबंद कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून दर्प आतच कोंडतो आणि रस्साही आटत नाही. पाणी मांस जेमतेम बुडेल इतकंच घाला.

त्याआधी मांस पाच मिनिटं उकळून ते फेसाळ पाणी फेकून द्या. तुकडे दोन इंची ठेवा, बारीक केले तर आठ तासांत भुगा होतो. चक्रीफुलं दोनच, मलमलच्या पुरचुंडीत. पेस्ट भलती खारट असते, तेव्हा मीठ शेवटी चव बघून.

प्रतिसाद २:
नूडल्स वेगळ्याच उकडा, नाहीतर पिठामुळे रस्सा बुळबुळीत होतो. त्याच पाण्यात बोकचॉय (चिनी पालेभाजी) अर्धा मिनिट बुडवून काढायचा. वरून आंबवलेली मोहरीची पानं चिमूटभर साखरेवर परतून घाला, चायनीज दुकानात पाकिटात मिळतात. ती नसतील तर मी हे सूप करतच नाही. सिचुआन मिरी आपल्या तिरफळाची जातभाई, पण तिच्या जागी तिरफळ घालू नका, वास निराळा आहे.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! रात्रीच परतून, मांस उकळून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी थंडगारच कुकरमध्ये टाकू का?

प्रतिसाद १:
नको, कुकर तापायला फार वेळ घेतो आणि मांस तोवर कोमट राहतं. रस्सा गॅसवर उकळवून मगच ओता. आणि टोमॅटोची सालं काढा, नाहीतर सुरळ्या होऊन तरंगतात.