मदत हवी आहे: त्रैक्यातल्या ‘व्यक्ती’ला दुसरा शब्द?

वसईत आमच्या चर्चमधल्या मोठ्यांच्या वर्गासाठी त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मराठी टिपण लिहितोय, एका शब्दावर अडलोय. या तिघांपैकी प्रत्येकाला ग्रीकमध्ये ‘हुपोस्तासिस’, लॅटिनमध्ये ‘पेर्सोना’ म्हणतात. ‘तीन व्यक्ती’ लिहिलं की तीन देव वाटतात. ‘तीन रूपं’ करून पाहिलं, तर शेजारचे काका म्हणाले, “म्हणजे आमच्या दत्तगुरूंसारखं!” शिवाय एकच देव तीन सोंगं घेतो हे साबेलियस या जुन्या ख्रिस्ती शिक्षकाचं मत चर्चने कधीच नाकारलंय. ‘तत्त्व’ म्हणावं, तर ते ‘उसिया’साठी, म्हणजे तिघांच्या एकाच मूळ सत्त्वासाठी, लागतं. (३२५ साली निकेयाच्या धर्मसभेत हे दोन्ही ग्रीक शब्द जवळपास एकाच अर्थाने आलेत, म्हणजे गोंधळ जुनाच.) ग्रीक शब्द तसाच ठेवता येणार नाही, वर्गात आजीआजोबा आहेत. पिता-पुत्रातलं नातं दाखवणारा, पण तीन सुटी माणसं डोळ्यांसमोर न आणणारा मराठी शब्द कुणी वापरलाय का?