शिकवणीतली मुलं मी उठून गेले की थांबतात, काय करू?

देवगडची ताई:
नमस्कार मंडळी, मी घरीच शिकवणी घेते, चौथी ते सातवीची मुलं, सगळी मराठी शाळेतली. मार्कांचं रडगाणं नाहीये, कोकण बोर्ड दहावीला दरवर्षी पहिला त्यामुळे पालकांना मार्क हवेच असतात आणि ते पडतातही. पण समोर बसले की सगळं येतं आणि मी जरा कुकर बघायला आत गेले की पेन्सिल थांबली, "बाई, गुणायचं की भागायचं?" एकाला स्कॉलरशिपला बसवलंय, तो तर गणित वाचायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतो. त्याची आई म्हणते एकट्याने केलं की चॉकलेट लावा. लावू का?

खाडीपलीकडचा (रिटायर्ड मास्तर):
चॉकलेट नको ताई. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केलेला, चित्रं काढायची आवड असलेलीच मुलं घेतली आणि काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांची आवड तशीच राहिली. पाढे पाठ करायला एखादी गोळी दिलीत तर काही बिघडत नाही म्हणा, त्यात मुळात आवड कुठे असते!
"गुणायचं की भागायचं" याला उत्तरच द्यायचं नाही. काय दिलंय, काय काढायचंय ते तुझ्या शब्दांत सांग म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं, आपण मास्तर लोक प्रश्न विचारून धड दोन सेकंद थांबत नाही, लगेच हिंट देतो, आणि पोरांना ते बरोब्बर कळलेलं असतं.

मालवणी मावशी:
सर बोलले ता खरा आसा. आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलीला अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखायचं. तिचे आजोबा जुने मच्छीमार, त्यांचा हिशोब असा की तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला आठ पाऊण सहा म्हणजे सहाच्या सुमाराला. मी एवढंच विचारलं की हे खरं कशावरून गो? मग काय, वही घेऊन रोज जेटीवर, वेळ लिहून आणायची, कधी जुळायची कधी तासाभराचा फरक, मग आजोबांशी भांडण. शेवटी तिनेच काढलं की आजोबांच्या हिशोबात भरती रोज 45 मिनिटं पुढे जाते आणि खरी सरासरी 50च्या आसपास जाते. पाऊणने गुणणं मी शिकवलंच नाही, तिला लागलं म्हणून ती शिकली.
पोरं बाहेर नेली की पालक नाकं मुरडतात, त्यांना सांगा की बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवलेली.

चिपळूणचा बाबा:
वाचायला छान आहे हो मावशी, पण स्कॉलरशिपचा पेपर भरती बघून सुटत नाही. वेळ लावून प्रश्न सोडवायचे असतात, आणि शिकवणीचे पैसे आम्ही भरतो ते पोरगं जेटीवर फिरायला नाही.

खाडीपलीकडचा:
बाबा, पेपरात ताई शेजारी नसणार हाच तर मुद्दा आहे. एका प्रकारची तीन गणितं घ्या ताई, पहिलं दोघांनी मिळून, दुसरं तो मोठ्याने बोलत करेल आणि तुम्ही फक्त ऐकायचं, तिसऱ्याला तुम्ही सरळ आत जायचं. उत्तरं त्यालाच तपासू द्या, चुकलं तर कुठल्या पायरीवर ते त्याने शोधायचं. सुरुवातीला वेग कमी होणार, पालकांना हे आधीच सांगून ठेवा नाहीतर फोन येतील.

देवगडची ताई:
फोन आलाच, त्याच आईचा, "आज तुम्ही काही शिकवलंच नाहीत म्हणतो." तिसरं गणित त्याने एकट्याने केलं होतं, उत्तर चुकलं पण रीत बरोबर. वही पाठवलीय घरी.