लिस्बनमध्ये एकट्यानं काढलेला दिवस : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, युरोपला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या यादीत लिस्बन फार खाली असतं. पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड एवढ्यात सुट्टी संपते आणि पोर्तुगालचं ते टोक राहून जातं. माझंही राहिलंच असतं. पण कामासाठी पोर्तोला गेले होते, परतीच्या विमानाआधी लिस्बनमध्ये एक अख्खा दिवस हाती आला आणि सोबत कोणी नव्हतं.

सकाळी बायशा भागातल्या सरळसोट गल्ल्यांमधून चालताना एका टपरीवजा दुकानावर किल्ल्यांचं चित्र दिसलं आणि त्याखाली शब्द होता 'शावश'. म्हणजे चाव्या! मग नाद लागला. किराणा दुकानात साबणाच्या वड्यांवर 'साबांव', भाजीच्या खोक्यावर 'बटाटा', शेजारी कोबी तो 'कोव्ह', बादली ती 'बाल्द', आणि पाव म्हणजे 'पांव', जवळजवळ आपलाच. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले एवढं शाळेत शिकले होते. पण माझी आजी दिवसातून पन्नासदा उच्चारायची ते शब्द, समुद्रापलीकडच्या गावात, एक अनोळखी बाई भाजी मोजून देताना सहज बोलते, हे ऐकताना मी तिथेच थबकले. बरोबर कोणी असतं तर गप्पांच्या नादात त्या पाट्या वाचल्याच नसत्या.

म्हणून हा धागा. लिस्बनमध्ये ज्यांनी एकट्यानं दिवस काढलाय त्यांनी लिहा. काय पाहिलंत, कुठे जास्त रेंगाळलात, तिथे मनात काय आलं? सगळी ठिकाणं यायलाच हवीत असं नाही, एकाच जागेबद्दल लिहिलंत तरी चालेल.

पुण्याहून

एकटीनं केलेला माझा पहिलाच परदेश प्रवास. आईला दर दोन तासांनी मेसेज करायचा असं ठरलं होतं. काइश दु सोद्रेहून पंधरा नंबरची ट्राम पकडून बेलेंला गेले.

जेरोनिमुशचा मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. ते वाचल्यावर भिंतींवरचं कोरीवकाम वेगळंच दिसायला लागतं. दगडात जहाजाचे दोरखंड कोरलेत, त्यांना गाठीसुद्धा मारल्यात. चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डावीकडे वास्को द गामाची कबर आहे. वर हात जोडून पहुडलेला त्याचा पुतळा, खाली कोरलेलं जहाज. तो वारला कोचीला, १५२४ मध्ये. अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले आणि या चर्चमध्ये आणले ते थेट १८८० साली. चौथीच्या पुस्तकातलं '१४९८, कालिकत' मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. याच माणसानं १५०२ मध्ये मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं होतं, तेही आठवलं. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मला नाही काढावासा वाटला. दहा मिनिटं थांबले आणि बाहेर आले.

पण माझा दिवस खरा लक्षात राहिला तो एका गेंड्यामुळे. नदीकाठच्या बेलें बुरुजावर, एका टेहळणी कोनाड्याच्या खाली, गेंड्याचं डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या वाऱ्यापावसानं आता ते गुळगुळीत झालंय, कुठे बघायचं ते माहीत नसेल तर दिसणारही नाही. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या सुरुवातीला गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता. तिथल्या नोंदींत त्याला 'गांदा' म्हटलंय, म्हणजे आपला गेंडाच. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला, तर हत्तीच पळाला. मग पोपला नजराणा म्हणून त्याला पुन्हा जहाजात घातलं. इटलीच्या किनाऱ्याजवळ ते जहाज वादळात फुटलं आणि साखळ्यांनी जखडलेला असल्यामुळे त्याला पोहताही आलं नाही. एवढ्या लांब आणलेला, एकटा मुका जीव. मी काठावरच्या दगडांवर बसून बराच वेळ त्या झिजलेल्या डोक्याकडे बघत राहिले. आईला मेसेज करायचाही राहून गेला.

येताना १८३७ पासून चालत आलेल्या त्या प्रसिद्ध दुकानात कस्टर्डचे पास्तेल खाल्ले, गरमागरम, वर दालचिनी भुरभुरून. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, त्यात अंड्याचा बलक असतो.

नाशिकहून

दोनतीन गोष्टी पटकन सांगतो. सोमवारी जाऊ नका, जेरोनिमुश आणि बरीच संग्रहालयं बंद असतात, माझा दिवस त्यातच गेला. फुटपाथ काळ्यापांढऱ्या गुळगुळीत दगडांचे आहेत, पाऊस पडला की तळवे घसरतात, त्यात गाव सगळं चढउताराचं. चांगल्या पकडीचे बूट न्या. आणि खचाखच भरलेल्या ट्राममध्ये एकट्या माणसानं पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. माझं गेलं. पासपोर्ट खोलीवर होता म्हणून निभावलं.

सांगलीहून

माझे वय अडुसष्ट. मुलीकडे नेदरलँड्सला गेलो होतो, तिथून चार दिवस एकटाच लिस्बनला आलो. त्यातला एक दिवस मी एका कामासाठी राखून ठेवला होता.

मोहन रानडे आमच्या सांगलीचे. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या किल्ल्यातील तुरुंगात ठेवले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली धडपड आमच्या पिढीला ठाऊक आहे. अखेर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, हे मला आजही दिसते.

तो तुरुंग काशीयश येथे. लहानपणी वर्तमानपत्रात आम्ही 'कॅक्सियस' असे वाचत असू. गाडीतल्या घोषणेत खरा उच्चार ऐकला आणि क्षणभर माझे स्टेशन हेच का, अशी शंका आली. काइश दु सोद्रेहून काश्कायशकडे जाणारी लोकल आहे. डाव्या हाताला तेजु नदी सतत सोबत असते, मधे बेलेंचा बुरुजही दिसतो. गाडीत समुद्रावर निघालेली तरुण मुले होती, टॉवेल, बॉल घेतलेली. अर्ध्या तासाच्या आत मी उतरलो.

किल्ल्याचा तुरुंग आजही तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाणे नाही. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याने जेवढे चालवले तेवढे चढलो आणि एका भिंतीच्या सावलीत थांबलो. खाली नदी समुद्राला मिळते ते रुंद पाणी. याच पाण्यावरून जहाजे गोव्याकडे निघत. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे हा माणूस इथे होता. मायदेशातून येणारे पत्र किती दिवसांनी हाती पडत असेल, मराठीत बोलायला कोणी असेल का, असे प्रश्न मनात येत राहिले. सोबत फूल वगैरे काही नेले नव्हते, कुठे वाहायचे तेही कळले नसते. उभ्यानेच नमस्कार केला.

दुपारी परत येऊन कार्मु चौकात गेलो. तिथल्या मठाच्या चर्चचे छप्पर १७५५ च्या भूकंपात कोसळले, ते पुन्हा घातलेच नाही. कमानी आकाशाखाली उघड्या उभ्या आहेत. पण मी आलो होतो शेजारच्या पोलीस बराकीसाठी. २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी आणि जनतेने हीच बराक वेढली, आत पंतप्रधान काएतानो यांनी शरणागती पत्करली आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोवली होती. त्यानंतर दोन दिवसांच्या आत काशीयशच्या तुरुंगातून राजकीय कैदी बाहेर आले, ते सारे पोर्तुगीजच. म्हणजे त्यांच्या आणि आमच्या माणसाला कोंडणारा हात एकच होता. हे पुस्तकात वाचले होते, पण जकरंदाच्या झाडाखालच्या त्या बाकावर बसल्यावर मला ते नीट उमगले.

मडगावहून

सांगलीचे काका, तुमचं वाचून गप्पच झाले. आमच्या घरी रानड्यांचं नाव नेहमी निघायचं.

माझ्या आजोबांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालं, त्यामुळे लिस्बनबद्दल घरात ओढही होती आणि अढीही. मी रोसियू चौकात राहिले होते. चौकाच्या टोकाला राष्ट्रीय नाट्यगृहाची देखणी पांढरी इमारत आहे. त्याच जागेवर इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. आमचा कुलदेव श्रीमंगेश. १५६० च्या सुमाराला कुठ्ठाळीहून रातोरात नदीपार प्रियोळला नेलेला. गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं तेही १५६० मध्येच. मंगेशीला दर वर्षी जाते, ही गोष्ट दर वर्षी ऐकते. तिचं दुसरं टोक या चौकात आहे हे मला तिथे उभं राहीपर्यंत जाणवलं नव्हतं.

चौकामागेच साऊं दोमिंगुशचं चर्च आहे. १९५९ मध्ये आतून जळलं. दुरुस्त करताना खांबांचे तडे आणि भाजलेले दगड तसेच ठेवलेत. बाहेर १५०६ मध्ये इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, दगडात कोरलेल्या ताऱ्याचं. या शहरानं ते लपवलं नाही याचं मला बरं वाटलं. गोव्यासाठी असा एखादा दगड कुठे दिसला नाही याचं वाईटही वाटलं. दोन्ही लिहिते.

नंतर कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेमागे 'शामुसा' दिसला. आपला सामोसाच तो, गोव्यातून-मोझांबिकमधून इथे येऊन तिथल्या कॅफेंत मुरलेला. कॉफीबरोबर दोन खाल्ले.

वसईहून

माझं लहानसंच आहे. आल्फामा या जुन्या भागात वाट चुकून चुकून शेवटी से कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर टेकलो होतो. बाराव्या शतकातली इमारत, किल्ल्यासारखी जाड. घंटा वाजायला लागली आणि मला मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवली. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर आमच्या चर्चांमधल्या घंटा देवळांत गेल्या, त्यातलीच ती. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरी मराठी, चर्चमध्ये मराठी, आणि किल्ल्यातली पडकी चर्चेस आमच्या खेळण्याच्या जागा. लिस्बनला मी परकाही नव्हतो आणि घरचाही नव्हतो. घंटा थांबेपर्यंत बसून राहिलो.

लिस्बनहून

मी इथे दोन वर्षं शिकतेय. पुण्याच्या ताई, तुमचा गेंडा मी आजवर पाहिलाच नव्हता! काल कॉलेजनंतर मुद्दाम जाऊन शोधला, सापडला.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना मी आझुलेझु म्हणजे फरशीच्या संग्रहालयात जायला सांगते. जरा आडबाजूला आहे, राणी लिओनोरनं १५०९ मध्ये स्थापलेल्या मठात. तिथे निळ्यापांढऱ्या फरश्यांवर रंगवलेलं सुमारे तेवीस मीटर लांब लिस्बन आहे, १७०० च्या आसपासचं, भूकंपाआधीचं. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऑल सेंट्स या ख्रिस्ती सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना जमीन हादरली, मग नदीतून लाटा आल्या आणि मग आग लागली. नदीकाठचा राजवाडा गेला. हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार चालायचा ते 'काझा दा इंडिया' तिथेच होतं, तेही कागदपत्रांसकट गेलं. फरश्यांवर मात्र राजवाडा अजून उभा आहे, धक्क्याला होड्या लागलेल्या.

मी दर खेपेला एका टोकापासून सावकाश चालत जाते आणि सध्याची माझी गल्ली शोधते. आल्फामाच्या चढावर तिसऱ्या रांगेत, एका लहान खिडकीच्या घराशी ती असावी असं मी ठरवून टाकलंय. कोणी येणार असाल तर कळवा. शनिवारी मी मोकळी असते.