नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ सुधारला, हे हंगामाच्या सुरुवातीलाच कसे ठरवावे?

लेफ्ट हाफ:
नमस्कार. मुंबईच्या स्थानिक हॉकी साखळीत खालच्या गटात खेळणाऱ्या एका क्लबच्या समितीवर मी काम करतो. विषय अजून समितीपुढे असल्याने क्लबचे नाव येथे घेत नाही. गेल्या हंगामात आमचा संघ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला. शेवटी शेवटी तर मध्यंतरापूर्वीच सामना हातचा जात असे. पावसाळा संपताना नवे प्रशिक्षक आले. ते पूर्वी एका बँकेच्या संघाकडून मधल्या फळीत खेळत असत. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की सर्वांनी त्याच्या अंगावर धावून जाण्याची आमची जुनी सवय त्यांनी मोडली आणि मध्यरेषेच्या मागे फळी लावून, प्रतिस्पर्ध्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत चेंडू काढून घेण्याची पद्धत बसवली. टर्फचे (कृत्रिम गवताच्या मैदानाचे) भाडे परवडत नसल्याने आमचा बहुतेक सराव मातीच्या मैदानावर होतो. त्या सरावात आपापसांत सामने खेळणे त्यांनी जवळजवळ बंद केले असून चेंडू नीट थांबवणे आणि थांबवल्यावरचा पहिला पास, एवढ्यावरच भर ठेवला आहे.

हंगाम नुकताच सुरू झाला आहे. एक सामना वगळता आम्ही हरलेलो नाही आणि आमच्यावर होणारे गोल लक्षणीयरीत्या घटले आहेत. समितीतील काहींच्या मते, दुसऱ्या क्लबाने त्यांना नेण्याआधी आताच दोन वर्षांचा करार करावा. खजिनदारांचे म्हणणे असे की, चार बरे निकाल पाहून पैसे बांधून टाकू नयेत. निकालांपलीकडे नेमके काय पाहिले म्हणजे ही सुधारणा टिकाऊ आहे की नाही ते कळेल, याविषयी जाणकारांनी लिहावे.

सरासरीवाला:
खजिनदारांचा सल्ला मला योग्य वाटतो, मात्र पैशांपेक्षा वेगळ्या कारणासाठी. प्रशिक्षक बदलला जातो तो बहुधा संघ अगदी रसातळाला गेलेला असताना, आणि तिथून थोडे वर येणे हे प्रशिक्षक न बदलताही पुष्कळदा घडते. नेदरलँड्समधील अव्वल फुटबॉल साखळीच्या १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास झालेला आहे. प्रशिक्षक बदलल्यावर क्लबांची कामगिरी सुधारली हे त्यात दिसलेच. पण तितक्याच वाईट दिवसांतून जाऊनही ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला, त्या क्लबांची कामगिरीही जवळपास तशीच सुधारली होती.

भारताच्या पुरुष हॉकी संघाचे २०२३ सालचे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारीत विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-३ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकाविरुद्ध गोल करण्याच्या निर्णायक टप्प्यात) आपण हरलो, उपांत्यपूर्व फेरीसुद्धा गाठता आली नाही आणि प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. मार्चच्या आरंभी क्रेग फुल्टन यांची नेमणूक जाहीर झाली. त्याच महिन्यात राउरकेला येथे प्रो लीग या आंतरराष्ट्रीय साखळीच्या सामन्यांत भारताने नुकत्याच विश्वविजेत्या झालेल्या जर्मनीला आणि ऑस्ट्रेलियालाही हरवले. मात्र तेव्हा संघ फुल्टन यांच्या हाती आलेलाच नव्हता, हंगामी प्रशिक्षकच काम पाहत होते. हेच सामने महिन्या-दोन महिन्यांनी झाले असते, तर नव्या प्रशिक्षकाने संघाचा कायापालट केला, असे आपण सर्वांनी खात्रीने लिहिले असते.

आपले सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कोण होते, हेही कळवावे. गेल्या हंगामात ज्यांच्याविरुद्ध गुण मिळाले तेच संघ यंदा आधी आले असतील, तर तुलनाच होत नाही.

वांद्रेकर:
सरासरीवाला यांचे उदाहरण चोख आहे, पण त्यावरून ‘थांबा आणि पाहा’ हाच शहाणपणा ठरतो असे मला वाटत नाही. थांबूनही लोक निकालच पाहतात आणि निकाल दोन्ही बाजूंनी फसवतात. सप्टेंबर २०१७ मध्ये भारतीय पुरुष संघाचे प्रशिक्षक रोलांट ऑल्टमन्स यांना दूर करून महिला संघाचे प्रशिक्षक श्योर्ड मरीन यांना पुरुष संघ देण्यात आला. पुढच्याच महिन्यात ढाक्यात त्यांच्या संघाने आशिया चषक जिंकला. त्या वेळी तो निर्णय किती अचूक वाटला असेल! एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पदक हुकले आणि मे महिन्यात मरीन यांना पुन्हा महिला संघाकडे पाठवण्यात आले. त्याच मरीन यांच्या महिला संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिले तिन्ही सामने गमावले, नेदरलँड्सकडून तर १-५ असा मार खाल्ला. पुढे आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवून, उपांत्यपूर्व सामन्यात गुरजीत कौरच्या एकमेव गोलवर ऑस्ट्रेलियाला बाद करून तो संघ चौथा आला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांचा करार वाढवू पाहणारी एखादी समिती, मे २०१८ मध्ये त्यांना हटवणारी समिती आणि टोकियोत तिसऱ्या पराभवानंतर बोटे मोडणारे प्रेक्षक, या तिघांच्याही हातात निकालच होते.

म्हणून निकालांची संख्या वाढेपर्यंत थांबण्यापेक्षा निकालांखाली काय चालले आहे ते पाहावे. ते कसे पाहावे, हे माझ्यापेक्षा मैदानात शिट्टी घेऊन उभे राहिलेल्यांनी सांगावे.

चर्चगेटचा प्रेक्षक:
मुंबईपुरती एक आठवण नोंदवतो. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा मुंबई मॅजिशियन्सचे प्रशिक्षक रिक चार्ल्सवर्थ होते. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला १९९६ आणि २००० अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि पुरुष संघाला २०१० चा विश्वचषक जिंकून देणारा हा माणूस. स्पर्धेत सर्वाधिक गोलही मुंबईच्याच संदीप सिंगचे झाले. संघ मात्र पाचांत पाचवा आला. काही आठवड्यांच्या हंगामात प्रशिक्षकाचा हात किती चालतो याला मर्यादा असतेच, आणि ती मर्यादा यश मिळाले तरी तेवढीच असते.

माजी पंच:
वांद्रेकरांनी चेंडू माझ्याकडे टाकला आहे, तर थोडे विस्ताराने लिहितो.

गोल हा हॉकीत फार दुर्मीळ प्रसंग आहे. साठ मिनिटांत मोजकेच गोल होतात आणि त्यांतला एखादा कुणाच्या तरी पायाला लागून दिशा बदललेल्या चेंडूवर होतो. त्यामुळे गोलांवरून संघ ओळखण्यापेक्षा, वारंवार घडणाऱ्या गोष्टींवरून ओळखावा. माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे, चेंडू आपण कुठे जिंकतो. आपल्या प्रशिक्षकांनी मध्यरेषेच्या मागे फळी लावली आहे. ही पद्धत लागू पडत असेल, तर प्रतिस्पर्ध्याचे पास मध्यरेषेच्या आसपास, बाजूच्या रेषेजवळ तुटले पाहिजेत. ते तिथे न तुटता आपल्या २३ मीटर रेषेच्या आत तुटत असतील, तर आपण प्रेस करत (प्रतिस्पर्ध्यावर दबाव टाकून चेंडू हिसकावत) नसून केवळ माघार घेत आहोत आणि अजून नशीब साथ देत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट पेनल्टी कॉर्नर, म्हणजे डीमधील (गोलासमोरच्या अर्धवर्तुळातील) चुकीबद्दल प्रतिस्पर्ध्याला मिळणारी गोलाची संधी. किती मिळवले यापेक्षा किती दिले, ते मोजावे. खालच्या गटातील बचावपटू डीमध्ये घाबरून स्टिक घालतात, पायावर चेंडू घेतात, आणि शिट्टी वाजते. बचावाच्या वेळी गोलरक्षक धरून पाचच जण आत, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. अशा स्थितीत चांगला ड्रॅगफ्लिकर (कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात फेकणारा खेळाडू) नसलेला संघही अधूनमधून गोल करून जातो. डीमध्ये उभे कसे राहावे हे शिकवलेला संघ कॉर्नर कमी देतो, आणि ही शिकवण प्रतिस्पर्धी बदलला म्हणून नाहीशी होत नाही. कार्डांचेही तेच. हिरव्या कार्डाने दोन मिनिटे आणि पिवळ्याने किमान पाच मिनिटे दहा जणांनी खेळावे लागते. उशिरा पोहोचणारा खेळाडूच बहुधा कार्ड घेतो आणि उशिरा पोहोचणे म्हणजे फळी विस्कळीत असणे.

तिसरी गोष्ट शेवटचे सत्र, आणि मुंबईत ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑक्टोबरच्या उन्हात, घामाने हातातली स्टिक निसटत असताना, चौथ्या सत्रात आपली फळी पहिल्या सत्राइतकीच जवळजवळ उभी असते का? हॉकीत बदली खेळाडूंवर मर्यादा नाही, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो; तरीही आपल्याकडचे कितीतरी क्लब मोजक्या नामवंतांना शेवटपर्यंत ताणतात. राखीव खेळाडू आत आल्यावरही खेळाची पद्धत तीच राहत असेल, तर ती पद्धत अकराच जणांना नव्हे, साऱ्या संघाला शिकवली गेली आहे.

मातीवरील सरावाविषयी मात्र मला शंका आहे. मातीवर चेंडू उडतो, त्यामुळे तो थांबवण्याचा सराव कठोर होतो हे खरे. पण टर्फवर तो येतो तो वेग मातीवर अनुभवता येत नाही, आणि पहिल्या पासचा सगळा हिशेब त्या वेगावर बसलेला असतो. वरच्या फळीतील संघाशी गाठ पडेल तेव्हा हे उघडे पडेल. करारापेक्षा टर्फवरच्या आणखी एका सकाळच्या सरावावर खर्च करा, असे मी खजिनदारांना सुचवीन.

लेफ्ट हाफ:
सर्वांचे आभार. माजी पंच यांनी सांगितल्याप्रमाणे प्रेक्षकांतून मोबाइलवर घेतलेली चित्रणे आम्ही काल एकत्र बसून पाहिली. आम्ही दिलेले पेनल्टी कॉर्नर गेल्या वर्षाच्या मानाने निम्म्यावर आले आहेत आणि कार्डे जवळजवळ नाहीत. चेंडू मात्र अपेक्षेपेक्षा खूप मागे जिंकला जातो. प्रतिस्पर्धी आमच्या डीमध्ये गेल्या वर्षीइतक्याच वेळा शिरताना दिसतात. सरासरीवाला यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, प्रतिस्पर्धी संमिश्र होते, पण गटातील दोन सर्वांत बलवान संघ अजून यायचे आहेत.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती, कारण तिचा संबंध वाटला नव्हता. आमचा गोलरक्षकही यंदा नवा आहे.

सरासरीवाला:
मग संबंध आहेच! डीमध्ये शिरकाव तितकेच आणि गोल कमी, याचा अर्थ सुधारणेचा मोठा वाटा गोलरक्षकाच्या पॅडवर जमा करावा लागेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला दुसऱ्या सत्रात लाल कार्ड मिळाले, उरलेला सारा वेळ भारत दहा जणांनिशी खेळला, १-१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ असे जिंकले. त्या दिवशी गोलरक्षक श्रीजेश नसता, तर फुल्टन यांच्या बचावाधिष्ठित पद्धतीचे जे कौतुक झाले ते झाले असते का, हा प्रश्न रास्त आहे.

वांद्रेकर:
रास्त आहे, पण अपुरा आहे. दहा जणांची फळी सामना संपेपर्यंत मोडली नाही, यात श्रीजेशइतकाच सरावाचा भाग होता. शिवाय त्याच फुल्टन यांचा संघ एप्रिल २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात पाचही सामने हरला होता आणि चार महिन्यांच्या आत त्याने पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. ऑलिंपिकमध्ये त्यांच्याविरुद्ध १९७२ नंतर मिळालेला तो पहिलाच विजय. लेफ्ट हाफ, हा गोलरक्षक आपल्याकडे आला कसा? प्रशिक्षकांनी आणला असेल, तर तोही त्यांच्याच खात्यात धरावा लागेल.

लेफ्ट हाफ:
नाही, तो नोकरीनिमित्त मुंबईत आला आणि आमच्या एका जुन्या सभासदाच्या ओळखीने क्लबात दाखल झाला. प्रशिक्षकांशी त्याचा पूर्वपरिचय नव्हता.

माजी पंच:
तर माझे मत असे. कमी झालेले कॉर्नर आणि कार्डे ही प्रशिक्षकांची निर्विवाद कमाई आहे. डीमधील शिस्त त्यांनी बसवली आहे आणि ती गोलरक्षक बदलला तरी राहील. मध्यरेषेवरील प्रेस अजून बसलेला नाही. दोन वर्षांचा करार आज करू नये, पण त्यांना हंगामभर टांगणीलाही ठेवू नये. हंगामाअखेरपर्यंतचे मानधन लेखी ठरवून द्यावे, त्या दोन बलवान संघांशी सामने झाल्यावर पुढचा निर्णय होईल हे त्यांना आताच सांगावे, आणि निर्णय त्या सामन्यांच्या निकालावर नव्हे तर चेंडू कुठे जिंकला जातो यावर होईल, हेही त्याच कागदावर असावे. चांगल्या प्रशिक्षकाला असली अट अपमानास्पद वाटत नाही. उलट, निदान आपण काय पाहतो आहोत हे समितीला कळते, याचे त्याला बरे वाटते.

लेफ्ट हाफ:
रविवारच्या बैठकीत हाच प्रस्ताव मांडतो. चित्रण पाहताना एक अडचण आली, तेवढी सोडवावी: डीमध्ये शिरकाव नेमका कधी धरायचा? लांबून मारलेला आणि थेट गोलरक्षकाकडे गेलेला चेंडूही आम्ही मोजला आहे.

माजी पंच:
तो धरू नये. प्रतिस्पर्ध्याने डीच्या आत चेंडूला स्टिक लावली किंवा डीमध्ये शिरताना कॉर्नर मिळवला, तरच शिरकाव मोजावा. त्या हिशेबाने चित्रणे पुन्हा पाहा आणि गेल्या वर्षीचे चित्रण असेल तर त्यालाही हाच नियम लावा, म्हणजे ‘गेल्या वर्षीइतकेच’ हे विधान कितपत टिकते तेही समजेल. मोजणारा माणूस मात्र दोन्ही वर्षांसाठी एकच असावा.