सासऱ्यांचं १९३१ सालचं स्लॉट मशीन: तिसरं रीळ थांबतच नाही

सुईदोरा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे घड्याळं, रेडिओ, ग्रामोफोन उघडून बसणारी माणसं आहेत म्हणून विचारते.

माझे सासरे फेब्रुवारीत गेले. (ते इथलेच, अमेरिकन. मी सांगलीची, गेली वीस वर्षं शिकागोजवळ.) वाटणी झाली तेव्हा दिराने बोट घेतली, नणंदेने पियानो, आणि आमच्या वाट्याला तळघरातलं धूड आलं: मिल्स कंपनीचं 'वॉर ईगल' स्लॉट मशीन, म्हणजे नाणं टाकून दांडा ओढायचा आणि चित्रांची तीन रिळं फिरून थांबायची, असं जुगाराचं यंत्र. वजन पस्तीस-चाळीस किलो सहज असेल. जिन्यावरून वर आणताना नवऱ्याची पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

समोर पंख पसरलेला गरुड, त्याचा लाल-पिवळा रंग अर्धाअधिक उडालेला. उजवीकडे ओढायचा दांडा. वर एक काचेची पट्टी आहे, तिच्यात टाकलेली नाणी ओळीने दिसतात आणि प्रत्येक खेळाला एकेक पुढे सरकतं. खोटं नाणं टाकलं तर दुकानदाराला लांबूनच दिसावं म्हणून ही सोय. सासऱ्यांच्या वडिलांचं रॉकफर्डजवळ दारूचं दुकान होतं, तिथे हे काउंटरवर होतं म्हणे. १९५१ मध्ये जुगाराच्या मशीनविरुद्ध केंद्राचा कायदा आला आणि मशीन गोठ्यात गवताखाली गेलं. त्यानंतर ते फक्त नाताळात, घरच्यांसाठी बाहेर यायचं.

आता दुखणं. नाणं टाकलं, दांडा ओढला की तिन्ही रिळं जोरात फिरतात. पहिलं थांबतं, खट्. दुसरं बऱ्याच वेळाने, ओढत-ओढत, खट्. तिसरं थांबतच नाही, फिरून फिरून आपोआप मंद होतं. दांडा मग अर्ध्यावर अडकतो. पूर्वी आतून एक खर्रर्र असा आवाज यायचा, तो आता अजिबात नाही.

माझे बाबा सांगलीत शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्यामुळे पेचकस धरायची भीती नाही, पण जे माहीत नाही ते ओढू नये एवढंही त्यांनीच शिकवलंय. दिराने 'मदत' म्हणून अंत्यविधीच्या आठवड्यात आत भरपूर गंजनाशक फवारा मारून ठेवलाय. दोन दिवस बरं चाललं, मग हे असं झालं.

दुसरं म्हणजे नवऱ्याला ते वाळूच्या फवाऱ्याने घासून, नवा रंग देऊन चकाचक करून घ्यायचंय. मला नकोय. कोण बरोबर?

घड्याळजी

तुम्ही बरोबर. नवऱ्याला सांगा, घड्याळजी म्हणाले.

तो खर्रर्र आवाज म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. या मशीनच्या आत खरोखर एक घड्याळ असतं. वेळ दाखवणारं नव्हे, वेळ काढणारं. दातेरी चाकांची छोटी गाडी आणि तिच्या टोकाला पत्र्याचा पंखा. दांडा ओढला की स्प्रिंग ताणली जाते, रिळांना एकदम धक्का बसतो आणि घड्याळ सुटतं. पंखा हवेला अडतो म्हणून घड्याळ एका ठरावीक गतीने चालतं, आणि चालता चालता एकेक अडसर सोडतं: आधी डावीकडचा, मग मधला, मग उजवा. अडसर रिळाच्या बाजूच्या चाकाच्या खाचेत पडला की रीळ थांबतं. तुमचं घड्याळ दुसऱ्या अडसरापर्यंत कसंबसं पोचतंय आणि तिथेच जीव सोडतंय. रिळात काही बिघाड नाही.

दिराच्या फवाऱ्याने जुनं सुकलेलं तेल पातळ केलं, ते सगळं घड्याळाच्या बारीक छिद्रांत उतरलं, आणि पातळ करणारं उडून गेल्यावर मागे राळ उरली. भिंतीवरच्या घड्याळांत हे रोज बघतो. लोक खोबरेल तेल घालून आणतात, तो वेगळाच नरक.

आता काय करायचं ते सांगतो. मागचं दार उघडा, नाणी आधी काढून घ्या. आतला सांगाडा मागच्या बाजूने सरकून अख्खा बाहेर येतो, पण आधी अर्धवट राहिलेला खेळ पूर्ण करा. आत स्प्रिंग ताणलेली आहे. दांडा जबरदस्तीने खाली ओढू नका आणि वरही लोटू नका. घड्याळाचा पंखा सापडेल, त्याला आगकाडीने हळूच पुढे ढकलत राहा. बोट घालू नका. एकदा गाडी सुटली की बोटाची साल जाते, अनुभव आहे.

मग घड्याळाचा भाग सोडवून मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायचं द्रावण) बुडवा, मऊ ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या. तेल फक्त चाकांच्या आसांच्या टोकांना, घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. दातांना तेल लावायचं नाही. बाबांचं शिलाई मशीनचं तेल इथे नको, जड पडेल.

सुईदोरा

बाबांचं तेल नको हे वाचून जरा वाईट वाटलं, पण ऐकते.

रंगारी_काका

रंगाचं बोलतो. वॉर ईगलच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, नवे ओतीव दर्शनी भाग घालून जुनं म्हणून विकलेल्या. तुमचं खरं असल्याचा पुरावा काय? तर तोच गरुडाच्या पिसांच्या खोबणीत उरलेला रंग. तो वाळूने उडवला की तुमचं आणि नकलेचं तोंड सारखंच. आवरणावर आणि आतल्या सांगाड्यावर ठोकलेले आकडे असतील, ते जुळतात का बघा आणि फोटो काढून ठेवा.

साफ करताना कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ फडकं, आणि एवढंही फक्त धातूवर. लाकडाला मेण. रिळांवरच्या चित्रांच्या पट्ट्या कागदाच्या आहेत, त्यांना ओलं फडकं लागता कामा नये. लिंबू पुसायला जाल आणि लिंबूच हातात येईल.

चौकशीखोर

घरात असं मशीन ठेवायला परवानगी असते का? माझ्या सासूबाई तर म्हणाल्या असत्या, जुगार उंबऱ्याच्या आत नको. शिवाय हे पुण्याला आणता येईल का? भावाच्या हॉटेलात शोभेला छान दिसेल.

सुईदोरा

आमच्या इलिनॉय राज्यात पंचवीस वर्षांहून जुनं मशीन धंद्यासाठी वापरत नसाल तर घरात ठेवता येतं. कॅलिफोर्नियातही पंचवीसच. पण प्रत्येक राज्याचं वेगळं, काही ठिकाणी अजिबात नाही, म्हणून राज्याबाहेर नेण्याआधी विचारून घ्यावं. पुण्याचा विचारही करू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, आणि 'शोभेला आहे' हे हॉटेलात कोण ऐकणार? गोव्यात पंचतारांकित हॉटेलांना १९९२ पासून मुभा आहे, पण भावाचं हॉटेल डेक्कनला असेल ना.

सासूबाईंचं म्हणाल तर माझ्या सासूबाई या मशीनवर नाताळची सगळी चिल्लर हरायच्या आणि परत खेळायच्या.

आकडेमोड

घरच्यांनी हरलेली चिल्लर कुठे जाणार, मशीनमध्येच! एक विनंती: रिळांवरची चित्रं मोजाल का? प्रत्येकावर वीस जागा असतात, म्हणजे एकूण ८००० जुळण्या.

सुईदोरा

मोजली. रविवारी सांगाडा जेवणाच्या टेबलावर होता, मुलांना पिझ्झा सोफ्यावर दिला. जॅकपॉटचं चित्र 'बार' पहिल्या रिळावर एक, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर एक. म्हणजे ८००० खेळांत सरासरी तीनदा जॅकपॉट. तिसऱ्या रिळावर चेरी एकही नाही! आजेसासऱ्यांच्या दुकानातल्या लोकांना तीन चेरी 'थोडक्यात हुकल्या' असं वाटत असेल, पण त्या कधी येणारच नव्हत्या.

घड्याळजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पंखा सापडायला अर्धा तास गेला, त्यावर काळा चिकट थर होता, गुळाच्या पाकासारखा. आगकाडीने ढकलला. एक फेरी, दोन, काही नाही. मग एकदम खर्र झालं आणि तिसरा अडसर पडला, खट्. दांडा आपला आपण वर आला. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली.

धुताना स्पिरिट चहासारखं झालं. तीनदा बदललं. आता वाळवून, आसांना सुईने तेल देऊन बसवलंय. आवाज परत आलाय. नवरा वरच्या मजल्यावरून धावत खाली आला आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. रंगाचा विषय त्याने परत काढलेला नाही.

पण नवं दुखणं. काल चेरी-चेरी-संत्रं आलं. बक्षिसांच्या तक्त्याप्रमाणे तीन नाणी. दोनच पडली.

घड्याळजी

वा! झकास. हे दुखणं सोपं आहे. रिळं थांबली की पत्र्याची बोटं रिळांच्या बाजूच्या चकत्यांतली भोकं चाचपतात. बोटं आत शिरली तर नाण्यांच्या नळीखालची त्या-त्या बक्षिसाची पट्टी सरकते. दोन पडली म्हणजे चाचपणं बरोबर झालं, पट्टीच चिकट आहे आणि पूर्ण सरकत नाही. पट्ट्या काढून धुवा, कोरड्या बसवा. नाण्यांच्या वाटेत तेलाचा थेंबही नको, धूळ धरते.

नाणी कोणती आहेत आत?

सुईदोरा

पाच सेंटची. बरीचशी एका बाजूला रेडइंडियन आणि दुसऱ्या बाजूला रानरेडा असलेली, १९३८ पर्यंत निघायची ती. झिजून साल गेलेलं आहे, कारण साल नेमकं उठावावर छापलेलं. जॅकपॉटच्या कप्प्यात अकरा नाणी युद्धातली निघाली. नाण्याच्या मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटाच्या वर मोठं अक्षर असलं की ते युद्धातलं, १९४२ ते ४५ मधलं, आणि त्यात ३५ टक्के चांदी. ती बाहेर काढून ठेवलीत. नणंदेला सांगितलेलं नाही अजून, सांगेन.

आणि हो, ते तिसरं नाणं. रात्री दिवा मालवून जिना चढत होते, तर मागे तळघरात खण्णकन आवाज झाला. परत उतरले. पडलेलं होतं.

पट्ट्या शनिवारी काढते. तेल नाही, लक्षात आहे.