मदत हवी आहे: सायकलवर ॲक्शन कॅमेरा नेमका कुठे बसवू? खडी उतरण व्हिडिओत सपाट दिसते

नमस्कार मंडळी,

डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवायला मला माझ्या ताईनं शिकवलं. ब्रेकवर एकच बोट ठेवायचं, नजर चाकासमोर नाही तर पुढच्या वळणावर ठेवायची, हे सगळं तिच्याकडून आलेलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आता बरेच महिने तिला सायकलवर बसता येणार नाही. ती घरात बसून फार कंटाळली आहे, म्हणून आमच्या नेहमीच्या वाटेचं चित्रण करून तिला पाठवायचं ठरवलं. पहिला व्हिडिओ बघून तिचा लगेच फोन आला, "अरे, ही आपली मुळांची उतरण आहे? मला तर गाडीरस्ता वाटला."

तिचं काही चुकलं नाही. ज्या ठिकाणी मी पोट सीटला टेकेल इतका मागे सरकून उतरतो, ती जागा व्हिडिओत फरशीसारखी सपाट दिसते. खडकाच्या तीन पायऱ्या आहेत, त्यातली मधली चांगली गुडघाभर उंच आहे. व्हिडिओत ती कधी आली नि कधी गेली ते कळतही नाही.

माझ्याकडे साधा चौकोनी ॲक्शन कॅमेरा आहे, वजन साधारण १५० ग्रॅम. सायकल हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, पुढे १२० मिमी दबणारा फोर्क. हेल्मेट साधं, हनुवटी झाकणारं नाही. आतापर्यंत तीन जागा वापरून पाहिल्या.

हँडलवर : वाट जवळून दिसते, वेगही जाणवतो. पण दगडांवरून जाताना चित्र जेलीसारखं थरथरतं आणि वळणावर हँडल फिरलं की अख्खं जंगल गरकन फिरतं. दोन मिनिटांत डोकं दुखायला लागलं.

हेल्मेटच्या टाळूवर : चित्र बरंच स्थिर आलं. सपाट दिसणारा व्हिडिओ तो हाच. हँडल दिसत नाही, हात दिसत नाहीत, नुसती एक वाट अंगावर येत राहते. त्यात एका खालच्या फांदीला कॅमेरा अडकला आणि मान मागे ओढली गेली. पडलो नाही, पण तेव्हापासून तिथे लावायची भीती वाटते.

छातीच्या पट्ट्यावर : सगळे हेच सुचवतात म्हणून मोठ्या आशेनं लावला. घरी येऊन पाहिलं तर वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं स्टेम (हँडल धरणारा तुकडा), पुढचं चाक आणि माझे गुडघे. वाट वरच्या कडेला बोटभर.

मला फार सुंदर काही बनवायचं नाही. ताईला वाट 'वाचता' आली पाहिजे, कुठलं मूळ ओलं आहे, मी कुठून ओळ धरली (चाक नेमकं कुठून नेलं), उतार किती आहे, एवढं दिसलं तरी पुष्कळ. त्यासाठी कॅमेरा कुठे लावू? छातीवरच लावायचा असेल तर कोन कसा ठरवायचा? आणि मुळात तीव्र उतार व्हिडिओत दिसतो तरी का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

छाती सोडू नका. तुमची जागा बरोबर आहे, कोन चुकला आहे.

बहुतेक जण पट्टा बांधून सरळ उभे राहतात आणि कॅमेरा समोर बघेल असा लावतात. सायकलवर मात्र आपण पुढे झुकतो, म्हणजे तोच कॅमेरा जमिनीकडे बघायला लागतो. म्हणून कोन सायकलवर बसूनच ठरवायचा, तोही उतरतानाच्या पवित्र्यात. कुणाला तरी सायकल धरायला सांगा. दोन्ही पेडल समांतर, कोपरं बाहेर, गुडघे वाकलेले, छाती खाली. आता फोनवर कॅमेऱ्याचं थेट चित्र उघडा आणि दुसऱ्याला बघायला सांगा. हँडलची दोन्ही टोकं आणि तुमच्या मुठी खालच्या कोपऱ्यांत यायला हव्यात, क्षितिज वरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आरशासमोर उभं राहून जो कोन तुम्हाला आभाळाकडे वाटेल, तो सायकलवर बरोबर निघतो.

कॅमेरा उलटा लटकवा. त्यामुळे तो वरच्या दिशेला जास्त वळवता येतो, पट्ट्याच्या पट्टीला अडत नाही. मात्र चित्र आपोआप सुलटं करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग सुरू होताना दिशा ठरवते. तेव्हा तुम्ही वाकलेले असाल तर गोंधळ होतो. सेटिंगमध्ये जाऊन 'उलटा' असं कायमचं ठरवून टाका.

पट्टा फार खाली बांधत असाल अशी शंका आहे. छातीच्या वरच्या भागात घ्या, गळपट्टीच्या हाडांच्या जरा खाली. श्वास सोडून घट्ट करू नका, पूर्ण श्वास घेऊन मग ओढा. नाहीतर चढावर छाती आवळली जाते आणि माणूस वैतागून पट्टा सैल करतो. मग तो घसरतो आणि पुन्हा गुडघे दिसायला लागतात.

शिवाय चित्राचं प्रमाण १६:९ ऐवजी ४:३ ठेवा. वर-खाली जास्त दिसतं, म्हणजे मुठी आणि वाट दोन्ही मावतात. २०२२ च्या गोप्रो हीरो ११ ब्लॅकपासून ८:७ असंही प्रमाण मिळतं, तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर तेच घ्या. कापायचं काम नंतर घरी.

प्रतिसाद २

वरच्यांशी बरंचसं सहमत, पण एक दुसरी बाजू मांडतो. तुमच्या ताईंना वाट वाचायची आहे. छातीवरचा कॅमेरा धड जिकडे वळेल तिकडे बघतो. आपण वळणात शिरण्याआधीच डोकं वळवतो, धड नंतर वळतं. म्हणजे तुमची नजर कुठे होती ते छातीवरून कळत नाही. ते सगळ्यात चांगलं कळतं हनुवटीवरच्या कॅमेऱ्यातून, फुल-फेस हेल्मेटच्या पुढच्या पट्टीवर लावलेल्या. डोळ्यांच्या जवळ असतो, टाळूइतका उंच नसतो, आणि खाली मुठीही दिसतात.

पण तुमचं हेल्मेट तसं नाही, त्यामुळे हा उपाय तुमच्यासाठी नाही. निव्वळ कॅमेऱ्यासाठी फुल-फेस घेऊ नका, लांब चढाच्या वाटेवर ते घालून जीव नकोसा होतो. आणि टाळूवर लावायचा नाही हा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. पडल्यावर हेल्मेट जमिनीवरून घसरायला हवं, अडकायला नको. वर डब्याएवढी कडक वस्तू उभी असेल तर ती खडकात अडकून मानेला झटका देऊ शकते. फांदीनं ते तुम्हाला दाखवलंच आहे. शर्यतीत कधी उतरलात तर हेल्मेटवर कॅमेरा चालतो का, ते आयोजकांच्या नियमांत आधी बघा.

प्रतिसाद ३

हँडलच्या जेलीबद्दल, कारण ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. वाचून होईपर्यंत कॅमेरा हलला की वरची ओळ एका जागी आणि खालची दुसऱ्या जागी पडते. तीच ती जेली. २०१८ मध्ये गोप्रो हीरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ, म्हणजे हलतं चित्र स्थिर करणारं स्टेबिलायझेशन, आलं आणि नंतर सगळ्यांकडेच चांगलं स्टेबिलायझेशन आलं, पण ते मोठे हेलकावे सावरतं. दगडांची बारीक, जलद थरथर अजूनही त्याच्या हातात पूर्णपणे येत नाही. छातीवर मात्र कोपरं, गुडघे आणि कंबर मिळून ती थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच देत नाहीत. शरीरासारखं सस्पेन्शन नाही.

झाडीत चित्रण करत असाल तर शटरकडे लक्ष द्या. सावलीत कॅमेरा आपोआप शटर मंद करतो, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त वेळ प्रकाश घेतो. मग प्रत्येक चित्र थोडं पुसट येतं. स्टेबिलायझेशन चौकट स्थिर धरतं, पण पुसटपणा तसाच राहतो, आणि मुळं अधूनमधून विरघळल्यासारखी दिसतात. वेग छान जाणवावा म्हणून सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १/१२० सेकंद शटर ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळेल. तो गुळगुळीत वाटेला ठीक आहे. तुम्हाला ओलं मूळ दाखवायचं आहे, तुम्ही १/२४० पेक्षा मंद जाऊ नका. आयएसओची (सेन्सर प्रकाश किती वाढवून घेतो त्याची) मर्यादा १६०० ठेवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील.

प्रतिसाद ४

उतार का दिसत नाही, या मूळ प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते आहे.

उतार आपण डोळ्यांनी कमी आणि अंगानं जास्त ओळखतो. कानातला तोल, तळहातांवर येणारं वजन, पोटात पडणारा खड्डा. कॅमेऱ्याला यातलं काही नाही. तुमच्याबरोबर तोही खाली झुकतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं वाट समोरच असते. या कॅमेऱ्यांची वाइड (रुंद दाखवणारी) लेन्स लांबची गोष्ट आणखी लांब ढकलते, गुडघाभर पायरी बोटभर होते. म्हणून जवळ काहीतरी ओळखीच्या मापाचं दिसलं पाहिजे. मुठी, हँडल, पुढचं चाक. चाक पायरीवरून खाली गेलं आणि हात लांब झाले, की बघणाऱ्याला उंची कळते. छातीवरचा कॅमेरा चांगला वाटतो तो मुख्यतः याच कारणासाठी.

पण खरा उतार दाखवायचा असेल तर कॅमेरा सायकलवरून उतरवा. तीन पायऱ्यांपाशी वाटेच्या बाजूला, अगदी जमिनीलगत ठेवा, आणि चौकटीत एखादं सरळ वाढलेलं झाड येऊ द्या. उभं खोड आणि तिरकी वाट यांमधला कोन दिसला की कुणाला सांगावं लागत नाही. नाहीतर पायथ्याशी ठेवून वर बघू द्या. वरून खाली घेतलेलं चित्र नेहमी सपाट येतं, खालून वर घेतलेलं खडं दिसतं. कॅमेरा आडवा धरताना मात्र तो खरोखर पातळीत आहे ना ते बघा. तिरका ठेवून उतार वाढवलेला लगेच ओळखू येतो, तुमच्या ताईंना तर नक्कीच.

दहा सेकंदांचं हे एक दृश्य आधी दाखवा आणि मग छातीवरून तीच जागा. दुसऱ्या दृश्यातही उतार दिसायला लागेल, कारण बघणाऱ्याला तो आता ठाऊक असतो.

फक्त कॅमेरा उतरायच्या ओळीत ठेवू नका, आणि मागून कुणी येत नाही ना ते बघून घ्या.

प्रतिसाद ५

पुढे कधी सायकलच्या फ्रेमवर किंवा सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) कॅमेरा लावायचा मोह होईलच, म्हणून दोन सूचना. ड्रॉपर (बटणानं वर-खाली होणारा सीटपोस्ट) असेल तर वर-खाली होणाऱ्या चकचकीत नळीवर क्लॅम्प कधीच आवळायचा नाही, ओरखडा पडला की सील गेलं. कार्बनच्या नळीवरही क्लॅम्प नको. मागे बघणारा कॅमेरा पाच-सहा सेकंदांपुरता छान वाटतो, चिखलात तेवढाही नाही.

चिकटवायचं माउंट वापरलंत तर जागा स्पिरिटनं पुसा, चिकटवा आणि २४ तास हात लावू नका. बाकी काही करा न करा, कॅमेऱ्याला बारीक दोरी बांधाच. कॅमेरा धरणाऱ्या पंजातला स्क्रूही दर उतरणीआधी हातानं तपासा, थरथरीनं तो हळूहळू सैल होतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी प्रयोग केला. कॅमेरा उलटा, पट्टा वर, ४:३. कोन ठरवायला मित्रानं सायकल धरली. उतरणीवरचं चित्र पहिल्यांदाच मनासारखं आलं, दोन्ही मुठी खाली आणि वाट मधोमध. पण चढावर बसून पेडल मारताना अर्ध्या चौकटीत आभाळ येतं. आणि पाण्याच्या पिशवीचा छातीवरचा आडवा बंद कॅमेऱ्याच्या बरोबर वर येतो, दर धक्क्याला टकटक आवाज रेकॉर्ड झाला आहे. याला काही उपाय?

प्रतिसाद १

चढ सोडून द्या. चढाचा व्हिडिओ मिनिटभराच्या पुढे कुणी बघत नाही, कोन उतारासाठीच ठेवा. बंदासाठी : आधी पिशवी पाठीला लावा, मग तिच्या खांद्यांच्या पट्ट्यांवरून कॅमेऱ्याचा पट्टा घाला, आणि पिशवीचा आडवा बंद कॅमेऱ्याच्या खाली सरकवा. खाली सरकत नसेल तर पिशवी कंबरेची घ्या किंवा त्या दिवशी बाटली न्या.

धागाकर्ता

बंद खाली सरकवला, टकटक गेली. शटर १/२४० ठेवलं. झाडीत थोडे दाणे आले आहेत, पण मुळं एकेक मोजता येतात. तीन पायऱ्यांपाशी कॅमेरा जमिनीवर ठेवून बाजूनं एक दृश्य घेतलं, मागे एक सरळ खोड. घरी ते पाहिलं तेव्हा मीच जरा दचकलो, आपण रोज इथून उतरतो हे माहीत असूनही. मग त्याला छातीवरचं दृश्य जोडलं आणि ताईला पाठवलं.

अर्ध्या तासानं तिचा फोन. सगळा व्हिडिओ तिनं दोनदा पाहिला होता आणि मधल्या पायरीवर थांबवून ठेवला होता. म्हणाली, "डाव्या मुठीकडे बघ. पायरीच्या आधीच तुझं बोट ब्रेकवर आवळलंय. तिथे सोडायचं असतं, वर असतानाच वेग कमी करायचा. आणि ते उजवीकडचं ओलं मूळ मागच्या वेळी नव्हतं, माती वाहून गेली वाटतं."

ते मूळ मला चालवताना दिसलंच नव्हतं. तिनं सांगितल्यावर व्हिडिओत पाहिलं, आहे. रविवारी पुन्हा जातो आहे, बोट सोडून.